लढाई युरोपात, महागाई तासगावात: दुसऱ्या महायुद्धातला सातारा-सांगलीचा बाजार

जून 1940 मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि इकडे कृष्णाकाठच्या भुईमुगाचा भाव बसला. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. हिंदुस्थानातून परदेशी जाणाऱ्या शेंगदाण्याचं एक मोठं गिऱ्हाईक फ्रान्स होतं. तिथल्या गिरण्या त्याचं तेल काढत, त्या तेलाचा साबण करत. हॉलंड, बेल्जियम, जर्मनी ही आणखी मोठी गिऱ्हाइकं. जर्मनीची पेठ लढाई सुरू होताच गेली होती, आता काही आठवड्यांत उरलेलीही बंद झाली. मद्रास इलाख्यापासून आपल्या भागापर्यंत जिथे जिथे भुईमूग पिकत होता, तिथे तिथे माल विकायचा कुणाला हा प्रश्न उभा राहिला. फ्रान्स कुठे आहे हे ज्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं, त्या शेतकऱ्याच्या घरातल्या लग्नाची तारीख त्यामुळे पुढे गेली असेल.

सप्टेंबर 1939 ते ऑगस्ट 1945 या सहा वर्षांत सातारा-सांगलीकडे एकही बॉम्ब पडला नाही. तरीही तासगाव, इस्लामपूर, विटा, कराड, कोरेगाव यांसारख्या बाजारगावांतला व्यवहार मुळापासून हलला. घराघरांतल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘लढाईतली महागाई’ यायची ती हीच. ती महागाई साठेबाज व्यापाऱ्यांनी केली, असं आपण बहुतेकदा ऐकतो. त्यात तथ्य आहे, पण ते सगळ्या गोष्टीच्या शेवटचं टोक आहे. सुरुवात लंडनमध्ये आणि मुंबईच्या रिझर्व्ह बँकेत झाली होती. तो भाग नीट समजला तर बाकीचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून मी त्यावर जास्त वेळ घेणार आहे.

आधी नकाशा लक्षात घ्यायला हवा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे तालुके ब्रिटिश अंमलाखालच्या सातारा जिल्ह्यात होते. सांगली शहर हे पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होतं, मिरजेला वेगळी गादी, जतला वेगळी, औंधला पंतप्रतिनिधी, फलटणला निंबाळकर. औंधची गावं तर तुकड्यातुकड्यांनी ब्रिटिश मुलखात पसरलेली होती. किर्लोस्करवाडी औंधात, कुंडलही औंधात. सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग 1949 मध्ये झाले आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं. पुढे परमिटाची आणि काळ्या बाजाराची गोष्ट येईल तेव्हा या हद्दी फार महत्त्वाच्या ठरतात.

पैशाचं मापही वेगळं होतं. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, पैशाच्या 3 पै. म्हणजे एका रुपयात 64 पैसे आणि 192 पै. आठवडी बाजारातले बहुतेक व्यवहार आण्या-पैशांत व्हायचे. रुपया ही मोठी रक्कम होती.

लढाई सुरू झाली तेव्हा भाव वाढतील या बातमीने शेतकऱ्याला वाईट वाटलं नव्हतं, उलट बरंच वाटलं होतं. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले होते, पण शेतसारा आणि सावकाराचं व्याज तेवढंच राहिलं होतं. दहा वर्षं कर्जात काढलेल्या माणसाला ज्वारीला दोन पैसे जास्त मिळणं हा दिलासाच होता. पहिल्या महायुद्धातली तेजी पाहिलेल्या व्यापाऱ्यांनी 1939 च्या शेवटी खरेदीला जोर केला, भाव चढले, मग 1940 मध्ये पुन्हा खाली आले. खरी उसळी आली ती 1942 पासून.

रुपया कुठे गेला

भावांच्या आधी गडबड झाली ती नाण्यांची. युद्धापूर्वीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅमचा होता आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. फ्रान्स पडल्यावर इंग्रज टिकतील की नाही अशी शंका लोकांना आली. सरकार गेलं तर त्याची नोट म्हणजे कागद, पण रुपयातली चांदी ती चांदीच राहणार. हा हिशेब शिकल्या-न शिकल्या सगळ्यांना कळत होता. माणसांनी नोटा देऊन रुपये घ्यायला सुरुवात केली, पोस्टातल्या ठेवी काढल्या आणि राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे, रुपये गाडग्या-हंड्यांतून जमिनीत गेले. जूनमध्येच सरकारने हुकूम काढून गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं गुन्हा ठरवलं. त्याच वर्षी एक रुपयाची नोट आली आणि नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. 1941 मध्ये राणीछाप रुपया चलनातून काढून घेतला. 1943 मध्ये दोन रुपयांची नोट आली.

त्याहून जास्त अडचण झाली ती मोडीची, म्हणजे सुट्या नाण्यांची. तांब्याचा भाव लढाईमुळे चढला. काडतुसांना, तारांना, यंत्रांना तांबं हवं होतं. नाण्यातल्या तांब्याची किंमत नाण्यावर लिहिलेल्या किमतीच्या जवळ जाऊ लागली की नाणं बाजारात फिरत नाही, ते घरात राहतं किंवा भट्टीत जातं. 1942-43 मध्ये देशभर चिल्लर मिळेनाशी झाली. दुकानदार मोडीऐवजी पोस्टाची तिकिटं देत, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या देत. शंभर रुपयांचा व्यापार करणाऱ्याला याचा फारसा त्रास नव्हता. पैशा-दोन पैशांची मिरची-कोथिंबीर विकणाऱ्या बाईचा मात्र धंदाच अडत होता, कारण तिच्याकडे तिकिटं ठेवायला जागा नाही आणि अंगठा उठवणाऱ्या गिऱ्हाइकाला चिठ्ठी कळत नाही. अशा वेळी गिऱ्हाईक ओळखीच्याच दुकानात बांधलं जातं, उधारी वाढते आणि भाव करण्याची ताकद कमी होते.

यावरचा सरकारी उपाय म्हणजे 1943 चा भोकाचा पैसा. जुन्या पैशात जितकं तांबं होतं, त्याच्या निम्म्याहून कमी तांब्यात तो बनला. ही नाणी अजून अनेक घरांत करगोट्याला किंवा किल्ल्यांच्या जुडग्याला सापडतात. त्या भोकामागे बंदुकीची काडतुसं होती, हे मात्र क्वचित कुणाला ठाऊक असतं.

नोटा आल्या कुठून

आता मुख्य मुद्दा. युद्धाच्या सुरुवातीलाच हिंदुस्थान सरकार आणि ब्रिटिश सरकार यांच्यात खर्चाच्या वाटणीचा करार झाला. हिंदुस्थानच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानाने करायचा, आणि आफ्रिकेत, इराकात, युरोपात लढण्यासाठी इथून जे सैन्य आणि माल जाईल त्याचा खर्च ब्रिटनने द्यायचा. कागदावर हे न्याय्य दिसतं. प्रश्न होता तो ब्रिटन देणार कशाने.

समजा एखाद्या ठेकेदाराने इंग्लंडच्या खात्यावर सैन्याला 1000 रुपयांचं तंबूचं कापड पुरवलं. त्याला पैसे लगेच हवेत आणि रुपयांतच हवेत, कारण त्याला इथले विणकर आणि हमाल यांना द्यायचे आहेत. तेव्हाच्या दराने रुपयाला 1 शिलिंग 6 पेन्स, म्हणजे 1000 रुपयांचे 75 पौंड होत. ब्रिटिश सरकार हे 75 पौंड लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे जमा करी. ते बहुतांशी ब्रिटिश सरकारच्याच रोख्यांत ठेवले जात, म्हणजे व्यवहारात ती एक हमीची चिठ्ठी होती. कायद्याने रिझर्व्ह बँकेला अशा स्टर्लिंग, म्हणजे पौंडांतल्या, रोख्यांच्या आधारावर नोटा काढता येत होत्या. बँक इथे 1000 रुपयांच्या नोटा काढी आणि ठेकेदाराला त्या मिळत.

यात गेलं काय आणि आलं काय ते बघा. कापड देशाबाहेर गेलं. त्याच्या बदल्यात 1000 रुपयांच्या नव्या नोटा इथल्या बाजारात आल्या. एरवी ते 75 पौंड वापरून आपण इंग्लंडकडून यंत्रं, कापड, औषधं आणली असती आणि नोटांना समोर माल मिळाला असता. पण इंग्लंडचे कारखाने तोफा-विमानं करत होते, जहाजं बुडत होती, विकायला त्यांच्याकडे माल नव्हता. पौंड लंडनमध्ये पडून राहिले. इथे माल कमी, नोटा जास्त. हाच व्यवहार धान्य, चामडं, ताग, लाकूड, तेल, माणसांचे पगार अशा शेकडो गोष्टींत सहा वर्षं चालू राहिला.

1939 च्या सप्टेंबरात देशात सुमारे 180 कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. युद्ध संपताना तो आकडा 1100 कोटींच्या वर गेला होता. सहापट. हिंदुस्थान सरकारने स्वतःच्या खर्चासाठी काढलेलं कर्ज यात आहेच, पण मोठा वाटा लंडनच्या त्या चिठ्ठ्यांचा. ब्रिटनकडची आपली येणी युद्धाअखेर सुमारे 130 कोटी पौंडांवर, म्हणजे 1700 कोटी रुपयांच्या पुढे पोचली होती. लढाईपूर्वी हिंदुस्थान ब्रिटनचा कर्जदार होता, लढाईनंतर तो सावकार झाला. हे वाचून अभिमान वाटण्याआधी हे कर्ज दिलं कुणी, हे विचारलं पाहिजे. ज्याच्या हातातला रुपया रोज थोडा थोडा हलका होत गेला, त्या प्रत्येकाने ते दिलं. त्याची पावती कुणाला मिळाली नाही, कुणी संमतीही विचारली नाही. कर बसवला असता तर निदान तो दिसला असता.

घाऊक भाव 1944-45 पर्यंत युद्धापूर्वीच्या जवळजवळ अडीचपट झाले. नोटा सहापट आणि भाव अडीचपटच कसे, असा प्रश्न इथे पडायला हवा. एक तर चांदीचे रुपये घरात गेल्यामुळे त्यांची जागा नोटांनी भरली. दुसरं, ज्यांच्या हातात नोटा आल्या त्यांतल्या अनेकांनी त्या खर्चच केल्या नाहीत, कारण घ्यायला वस्तू नव्हती. आणि तिसरं, सरकारी आकड्यात सरकारी भाव धरलेला असे. त्या भावाने माल मिळत होता का, हा वेगळा प्रश्न.

माल कुठे अडकला

डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला आणि मार्च 1942 मध्ये रंगून पडलं. ब्रह्मदेशातून दरवर्षी लाखो टन तांदूळ येत असे, तो थांबला. रॉकेलही मोठ्या प्रमाणात तिथूनच येई. घाटावरचा शेतकरी ज्वारी-बाजरी खाणारा, तेव्हा त्याला तांदळाची काय चिंता, असं वाटेल. पण मुंबई आणि कोकण तांदळावर जगत होते. तिथे तांदूळ कमी पडला की देशावरच्या ज्वारीला मागणी येते, आणि विट्याच्या बाजारातल्या ज्वारीचा भाव मुंबईची भूक ठरवू लागते. त्यातच शेजारच्या विजापूर जिल्ह्यात 1942-43 मध्ये दुष्काळ पडला. जत, आटपाडी, माण, खटाव हा तर एरवीही पावसाकडे डोळे लावून बसणारा पट्टा.

रॉकेलच्या टंचाईने संध्याकाळच बदलली. कराडजवळ ओगलेवाडीला 1916 पासून काच कारखाना होता आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी होता. कंदील गावाजवळच बनत होता, त्यात घालायचं तेल मात्र समुद्रापलीकडून यायचं. रॉकेल मोजून मिळू लागल्यावर चिमणी लवकर विझू लागली. करडईच्या तेलाचा दिवा लावावा तर खाण्याचं तेलही महागलेलं.

जावा बेट मार्च 1942 मध्ये जपानने घेतलं. जगातलं नव्वद टक्के क्विनाईन तिथल्या सिंकोना झाडापासून होत होतं. हिवतापाचा आजारी घरात आणि औषध नाही, ही परिस्थिती त्या एका बातमीतून आली. जर्मन रंग बंद झाले, शिवणाच्या सुया आणि दाढीची पाती दुर्मीळ झाली.

कापडाचं दुखणं सगळ्यांत मोठं. जपानी आणि लँकेशायरचं कापड येणं थांबलं. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांतला मोठा हिस्सा सैन्याकडे वळला, शिवाय पूर्वी जपानकडून घेणारे आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले देश आता इथला माल मागू लागले. उरलं ते आपल्याला. नऊवारी लुगडं नेसणाऱ्या बाईला एका वेळी नऊ वार कापड लागतं आणि निदान दोन लुगडी तरी हवीत, नाहीतर एक धुतल्यावर नेसायचं काय? माणशी मोजून कापड द्यायचं ठरलं तेव्हा सर्वांत जास्त ओढाताण बायकांची झाली. जून 1943 मध्ये कापड आणि सूत यांवर नियंत्रण आलं, ठाणांवर किमतीचा शिक्का बसू लागला, गरिबांसाठी ‘स्टँडर्ड क्लॉथ’ निघालं. पण विणकराला सूत मिळेना. हातमागावर पोट असलेल्या कोष्टी घरांना कापडाची तेजी असूनही माग थांबवून बसावं लागलं. तेजीत ज्याच्या हाताला काम नाही त्याचे हाल मंदीपेक्षाही वाईट.

माल होता तिथेसुद्धा तो हलवायला साधन नव्हतं. पुणे-मिरज लाइन तेव्हा मीटरगेज होती, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची. वॅगन आधी सैन्याला, मग कोळसा-धान्याला, आणि राहिल्या तर व्यापाऱ्याला. सांगलीच्या हळदीला याचा धक्का थोडा कमी बसला असावा, कारण हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली, हळद दीर्घकाळ टिकत असे. गुळाची ढेप पावसाळ्यात पाझरते. मिरज भागातल्या पानमळ्यांची पानं तर दोन दिवसही थांबत नाहीत. पेट्रोल 1941 पासून रेशनवर गेलं, तेव्हा मोटारींना मागे भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवर चालवू लागले. चढणीला उतारूंनी खाली उतरायचं. बैलगाडीला पुन्हा दिवस आले, पण तिच्या चाकाला धाव बसवायची तर लोखंड परमिटवर. नांगराचा फाळ, कुदळ, मोटेचं कडं, सगळं परमिटवर. युद्धाला लागणारं पोलाद आणि लोहाराच्या भात्यापुढचं पोलाद एकच होतं.

कंट्रोल

सरकारने यावर जे केलं त्याला लोक एकाच शब्दात ‘कंट्रोल’ म्हणत. साखर 1942 पासून, मुंबई शहरात रेशनिंग मे 1943 पासून, पुढे लहान शहरं आणि बाजारगावं. शेतकऱ्याकडून ठरावीक भावाने धान्याची सक्तीची वसुली, म्हणजे लेव्ही. 1942 ते 1944 या काळात धान्य, तेलबिया, मसाल्याचे पदार्थ अशा एकेका मालाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आजच होणारे सौदे, बंद झाले. हळदीच्या व्यापारावर उभ्या असलेल्या सांगलीच्या पेठेला ही फार मोठी गोष्ट होती. तंबाखूवर 1943 मध्ये केंद्रीय अबकारी कर बसला.

लेव्हीचं मर्म आणेवारीत होतं. पीक किती आलं याचा अंदाज आण्यांत मांडला जाई आणि त्यावरून किती धान्य द्यायचं ते ठरे. अंदाज करणारा तलाठी. आता विचार करा, पाटलाची जमीन आणि एखाद्या विधवेची जमीन शेजारी शेजारी असेल तर आणेवारी कुणाची कमी लागणार? कायदा सगळ्यांना सारखा होता, पण तो चावडीतून जाऊन उंबऱ्यापर्यंत पोचताना सारखा राहत नव्हता. म्हणूनच 1942 मध्ये लोकांनी जी दफ्तरं जाळली त्यांत चावड्यांची दफ्तरं होती, असं मला वाटतं. इंग्रजाचं राज्य त्यांना तिथे भेटत होतं.

काळा बाजार कसा होतो हे समजायला फार अर्थशास्त्र लागत नाही. शंभर घरांना शंभर बाटल्या रॉकेल हवं आहे आणि आल्यात चाळीस. भाव मोकळा सोडला तर तो इतका चढेल की साठ घरं आपोआप बाहेर पडतील. भाव बांधला तर कुणी बाहेर पडत नाही, पण बाटल्या चाळीसच राहतात. मग कुणाला द्यायचं हे दुकानदार ठरवतो. ओळखीच्याला, ज्याच्याकडे काम आहे त्याला, किंवा मागच्या दाराने दुप्पट देणाऱ्याला. प्रामाणिक वाटपासाठी रेशनकार्ड, पुरेसा साठा आणि तपासणी हे तिन्ही एकदम लागतं. मोठ्या शहरात ते बऱ्यापैकी जमलं, कारण तिथे असंतोष झाला तर गोदी आणि कारखाने बंद पडले असते. तालुक्याच्या गावाला तेवढं महत्त्व कुणी दिलं नाही.

आणि इथे त्या हद्दी येतात. एका हद्दीतून दुसरीकडे धान्य न्यायला परमिट लागे. पण एक गाव ब्रिटिश हद्दीत, पुढचं औंधात, त्यापुढचं सांगली संस्थानात, मधे फक्त ओढा किंवा पांदण. दोन्हीकडचे भाव वेगळे. रात्री चार पोती पलीकडे गेली की दिवसभराच्या मेहनतीपेक्षा जास्त कमाई. यात मोठे व्यापारी होते तसे चार पायल्या ज्वारी लेकीच्या घरी नेणारे बापही होते, आणि नाक्यावर बहुधा हे दुसरेच सापडत.

कुणाचं साधलं, कुणाचं बुडालं

ज्याच्याकडे विकायला धान्य, गूळ, हळद होती आणि ज्याचं कर्ज जुन्या रुपयांतलं होतं, त्याचं साधलं. शंभर रुपयांचं कर्ज फेडायला पूर्वी जेवढी ज्वारी लागे, तिच्या निम्म्याहून कमी आता पुरे. पुष्कळ गहाण जमिनी या काळात सुटल्या. साठा करू शकणाऱ्या व्यापाऱ्याचं आणि सैन्याच्या ठेकेदाराचं तर विचारायलाच नको.

महिन्याला ठरलेले रुपये मिळणाऱ्यांचं बुडालं. मास्तर, कारकून, पोस्टमन, पहिल्या महायुद्धातला पेन्शनर शिपाई. भाव अडीचपट झाले तर 30 रुपये पगारात पूर्वीच्या 12 रुपयांचाच बाजार येतो. महागाई भत्ता मिळाला, पण तो नेहमी भावाच्या मागून धावत आला. बलुतेदारांना खळ्यावर धान्य मिळे, त्यांना नोटेच्या घसरणीची झळ कमी. रोखीच्या मजुराला कसलंच कवच नव्हतं. धान्य महागलं की मालकाला धान्याऐवजी रोखीने मजुरी देणं परवडतं, आणि हा बदल झाला तिथे मजुराच्या घरात पहिल्यांदा उपास शिरला.

मग सैनिकांची घरं. सातारा हा भरतीचा जिल्हा. अपशिंगे गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात पडले होते. या वेळी हिंदी सैन्य दोन लाखांवरून पंचवीस लाखांच्या पुढे गेलं. मराठा पलटणी इरिट्रियात केरेनला लढल्या, इटलीत लढल्या, आणि जून 1942 मध्ये टोब्रुक पडलं तेव्हा मराठ्यांची एक अख्खी पलटण कैद झाली. मनिऑर्डर येत होती, आणि अनेक बायकांच्या हातात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाची रोख रक्कम पडत होती. पण सोळा-अठरा रुपये मूळ पगाराच्या शिपायाने घरी पाठवलेली रक्कम तीच, आणि पोस्टाच्या पायरीवरून बाजारापर्यंत जाईतो तिचं मोल घटलेलं. सैनिकांची पत्रं सेन्सॉर वाचत असे. 1943 मधल्या त्यांच्या अहवालांत घरच्या महागाईची आणि धान्याची काळजी पुन्हा पुन्हा येते. आफ्रिकेच्या वाळवंटात बसलेला माणूस विचारत होता, ज्वारी काय भावाने मिळते?

कोल्हापूरजवळ वळिवडे इथे 1943 मध्ये पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत झाली, पाचगणीतही काही पोलिश मुलं आणि आजारी माणसं आली. त्यांच्या रूपाने युद्ध प्रत्यक्ष डोळ्यांना दिसलं, आणि आसपासच्या गावांतल्या दूध-भाजी विकणाऱ्यांना एक नवं गिऱ्हाईक मिळालं.

प्रतिसरकार आणि बाजार

‘चले जाव’ चळवळीत 3 सप्टेंबर 1942 ला तासगाव कचेरीवर मोर्चा गेला, 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार होऊन माणसं पडली. हा इतिहास आपण स्वातंत्र्यलढा म्हणून शिकतो, आणि तो आहेच. पण क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला, म्हणजे इंग्रज सरकारला समांतर उभ्या केलेल्या लोकांच्या कारभाराला, 1943 ते 1946 अशी तीन वर्षं खेड्यापाड्यांत आधार का मिळाला, याचं एक उत्तर बाजारात आहे. सरकार धान्य घेऊन जात होतं आणि रॉकेल-कापड देऊ शकत नव्हतं. प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, धान्याच्या वाटपात लक्ष घातलं, सावकार आणि काळाबाजारवाल्यांना धाक बसवला. कमी खर्चात होणारी गांधी पद्धतीची लग्नं लावली. साखर परमिटवर आणि कापड शिक्क्यावर असताना अशा लग्नाने एका घराची किती वर्षांची ओढाताण वाचली असेल! 7 जून 1943 ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने, म्हणजे त्याच्या लढाऊ दलाने, रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली. ती लाइन, तो पगार, त्या नोटा, सगळं वर सांगितलेल्याच यंत्रणेचे भाग होते. प्रतिसरकारची बाजू घेताना मी तटस्थ नाही. जे काम कचेरीने करायला हवं होतं ते फरारी माणसांनी केलं.

लढाई संपल्यावर कंट्रोल संपला नाही. जानेवारी 1946 मध्ये काळा पैसा बाहेर काढण्यासाठी 500, 1000 आणि 10,000 च्या नोटा रद्द झाल्या. बाजारगावातल्या सामान्य माणसाने त्या कधी पाहिल्याही नव्हत्या. 1947 च्या अखेरीस धान्यावरचं नियंत्रण उठलं, भाव उसळले आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा आणावं लागलं. लंडनमधले पौंड पुढच्या दहाएक वर्षांत हप्त्याहप्त्याने सुटत गेले. त्यातून ब्रिटिश अधिकाऱ्यांची पेन्शनं भागवली, मागे राहिलेलं लष्करी सामान घेतलं, धान्य आणि यंत्रं आणली. 1949 मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं तेव्हा उरलेल्या येण्यांचं डॉलरमधलं मोल एका फटक्यात तीस टक्क्यांनी घटलं.

तुमच्या घरात आजोबा-पणजोबांची रोजकीर्द किंवा खतावणी असेल तर ती रद्दीत देऊ नका. 1940 च्या एका महिन्याची पानं आणि 1943 च्या त्याच महिन्याची पानं शेजारी ठेवून वाचा. ज्वारी, रॉकेल, लुगडं, मिठाचा भाव बघा, पण त्याबरोबर हेही बघा की रोखीची खरेदी किती आहे आणि उधारीची किती, कुठली वस्तू वहीतून एकदम गायब होते, आणि कुणाची नावं नव्याने येऊ लागतात. मनिऑर्डरची पावती सापडली तर तिच्यावरची तारीख त्या आठवड्याच्या बाजाराशी लावून पाहा. सरकारी निर्देशांकात या गावांचे भाव वेगळे नोंदलेले नाहीत, ते या वह्यांतच आहेत.